टाकली की, सायेब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा बाकीचं सगळं बोलते आणि ह्या जागी आले की घंटा वाजवून मोकळी होते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एकच कारण सापडतं. आणि गेल्या महिन्यापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते, अर्ध्यात उठते. पेपर उघडते, मिटते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. लागू दे म्हटलं.

गोष्ट एका शब्दाची आहे. साधा शब्द — सकाळपासून तुम्हीही दोन-चारदा वापरला असेल. पण तो आत्ताच काढून दाखवला तर तुम्ही म्हणाल, हॅ, एवढंच? म्हणून जरा मागून येते. मला मागूनच यायची सवय आहे.

मी मूळची वाईची. लग्न होऊन साताऱ्यात आले आणि मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. सांगतेय ती गोष्ट नव्वद-एक्याण्णवची. काम असं — एखाद्या घरात पोराला मारझोड होते, उपाशी ठेवतात, असं शाळेकडून किंवा शेजाऱ्यांकडून कळलं की त्या घरी जायचं, चौकशी करायची, आणि मूल घरात ठेवावं की बालगृहात पाठवावं ह्याबद्दल मंडळापुढे आपलं मत सांगायचं. मंडळ म्हणजे तीन-चार मोठी माणसं. मुलांचा निर्णय कायद्यानं त्यांच्या हातात. पण ती माणसं काही घरोघर जात नसत. घर बघितलेली मी. घरातली माणसं काय बोलली ते ऐकलेली मी. त्यांचे डोळे मी आणि कानही मीच.

आधी आम्ही घरात शिरायचो ते पोलिसासारखे. डब्यात पीठ आहे का, पोराच्या अंगावर वळ आहेत का, बापाच्या तोंडाला वास येतो का. मग पुण्याहून एक बाई आम्हाला शिकवायला आल्या. खादीची साडी, खणखणीत आवाज. त्यांचं म्हणणं — खोट काय, कुणालाही दिसते. तुम्ही त्या घराचं बळ शोधा. कितीही मोडकं घर असलं तरी त्यात कुणीतरी त्या पोराला जपत असतं. ते माणूस शोधा, त्याच्या बरोबरीनं बसा. घर म्हणजे आरोपी नव्हे, घर म्हणजे आपला भागीदार. आमच्यातल्या जुन्या बायकांनी नाकं मुरडली. मी नाही. मला ते मनापासून पटलं, आणि पहिल्या बाकावर बसून मान डोलावण्यात तर माझा हात कुणी धरला नसता. लवकरच मी त्या बाईंची लाडकी झाले. ‘बळ’ हा शब्द मी इतका वापरायला लागले, की घरी नवरा आमटीची वाटी तोंडाला लावून म्हणायचा, आज हिच्यात बळ दिसत नाही.

मग शालन.

शालन स्टँडाजवळच्या एका खाणावळीत भाकऱ्या थापायची. नवरा विलास — फौजेतून मुदतीआधीच घरी आलेला; का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. एकुलती मुलगी संगीता, बारा वर्षांची. सगळे संगी म्हणायचे. विलास एरवी बरा होता, पण प्याला की त्याला पलटण आठवायची. मग अंगणात पोरीला ‘सावधान’मध्ये उभी करायचा. हलली की पट्टा. शाळेतल्या बाईंना संगीच्या खांद्यावर बक्कलाची खूण दिसली, म्हणून प्रकरण आमच्याकडे आलं.

शालन काही देवी नव्हती, हेही सांगते. तिनं पोरीला उलथन्यानं हाणलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि सुरुवातीचे काही महिने ती माझ्याशी धडधडीत खोटं बोलली. पोरगी जिन्यावरनं पडली म्हणे! घराला जिनाच नव्हता. तरी मला ती आवडायची. का आवडायची? तिला माझी भीती वाटत नव्हती, म्हणून असेल. एकदा मी तिला ते ‘भागीदार’ समजावून सांगत होते — संगीची काळजी तुम्ही आणि आम्ही मिळून घ्यायची, बरोबरीनं, कुणी वर नाही, कुणी खाली नाही — तर ती भाकरी थापता थापता थांबली.

“म्हंजी पोरगी अर्धेलीनं करायची म्हणा की!”

शेत जसं एकाचं असतं, कसतो दुसरा आणि पीक दोघं अर्धं-अर्धं वाटून घेतात, तसं. मी हसले. तीही हसली. मग पिठाचा हात कपाळाला पुसत तिनं विचारलं, “पर ह्यात शेताचा मालक कोन, बाई?” तेही हसतच विचारलं होतं. मी पुढचा प्रश्न काढला.

आठवड्यातून एकदा मी तिच्या उंबऱ्यात जाऊन बसायची. विचारायची — मागच्या वेळी विलास चिडला आणि तरी मारलं नाही, तेव्हा काय वेगळं झालं होतं? त्याच्या नात्यात असं कोण आहे, ज्याचं तो ऐकतो? प्रश्न अगदी बरोबर होते, शिकवल्याबरहुकूम. ती थोडं सांगायची, थोडं गिळायची. मला वाटायचं, पाणी दगडावर पडतंय. तसं नव्हतं. माझे प्रश्न ती घेत होती, भाकऱ्या थापताना घोळवत होती, आणि उत्तरंही काढत होती. फक्त मला सांगत नव्हती.

पुढे पुण्याच्या बाई पुन्हा येणार असं कळलं. आम्ही शिकलेलं कसं वापरतो ते त्यांना बघायचं होतं. मी शालनचं घर निवडलं. शनिवारी दुपारी बैठक ठरवली. शेजारची म्हातारी आली, शाळेच्या बाई आल्या, विलास आंघोळ करून भांग पाडून बसला. संस्थेतले दोघं होते. मी घरून सतरंजी नेली होती, सतरंजी! माझी लेकच दाखवायची होती जशी. मी विचारणार, घरातली माणसं बोलणार, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून संगीला सांभाळायची योजना ठरवायची. आता लपवून काय करू — ती योजना माझ्या डोक्यात आधीच तयार होती. फक्त ती त्यांच्या तोंडून यायची बाकी होती.

आणि संगीच नव्हती.

कुठं गेली म्हणून मी विचारलं. शालन पदराला हात पुसत म्हणाली, “आष्ट्याला टाकली तिला. नणंदंकडं.” कधी? दोन दिवसांमागं. सांगलीजवळच्या त्या गावी स्वतः एसटीनं जाऊन. नणंद म्हणजे विलासची थोरली बहीण, हौसाक्का. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच विलासला वाढवलेलं. साऱ्या जगावर डाफरणारा विलास तिच्यापुढं मान वर करत नव्हता. तो पाहिजे तेव्हा आष्ट्याला जाऊन पोरीला बघू शकत होता, पण त्या घरात त्याचा हात उचलणार नव्हता. “बाप बी तुटत न्हाई,” शालन म्हणाली, “अन् पोरगी बी मार खात न्हाई.” विलास खाली बघत होता, पण नाही म्हणाला नाही.

मग माझ्याकडं वळून, सगळ्यांदेखत — “तुमी आपल्या बसलाय इचारत, चांगलं काय हाय, चांगलं काय हाय. तवर मी केलं.”

सगळे हसले. शेजारची म्हातारी तर डोळे पुसेपर्यंत हसली. पुण्याच्या बाईंनी शालनचे पिठाळ हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाल्या, हेच, हेच ते! परत येताना रिक्षात त्या सारख्या शालनबद्दलच बोलत होत्या. मग माझ्याकडं बघून कौतुकानं म्हणाल्या, “बघा, आपली गरजच पडली नाही.” आपली म्हणजे माझी. मी हसले, मान डोलावली. सतरंजीची गुंडाळी मांडीवर होती, ती धरून बसले.

तुम्हाला कळतंय का हे? ज्यासाठी मी महिनोन्महिने त्या उंबऱ्यात बसले, नेमकं तेच झालं होतं. मी साखर वाटायला हवी होती. आणि मला काय वाटलं? माझं नाक कापलं गेलं असं वाटलं. मला न विचारता? मला? एवढं मी हिच्यासाठी — असं एकदा सुरू झालं की थांबतं थोडंच! कपडे वाळत घालताना मी मनात तिच्याशी भांडत होते. संस्थेत तर ‘तवर मी केलं’ ही म्हणच होऊन बसली. चहा आणायला उशीर झाला आणि कुणी स्वतःच स्टो पेटवला, की म्हणायचं, तवर मी केलं. सगळे हसायचे. मीही म्हणायची, सगळ्यांच्या वरताण.

पुढं मंडळासमोर मी जे केलं, त्याचं इतकी वर्षं मी स्वतःला वेगळंच कारण सांगत आलेय. ते असं — त्याआधी खंडाळ्याकडच्या एका घरात मी ‘बळ’ बघून एक मूल घरातच राहू द्यावं म्हटलं होतं, आणि पुढं त्या मुलाला चटके दिले गेले. मंडळाच्या अध्यक्षांनी मला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून मी दबकले, म्हणून शालनच्या वेळी माझी जीभ उचलली नाही... ह्यात खोटं काही नाही. झापलं होतं. दबकलेही होते. पण शालनच्या वेळी मी घाबरलेली नव्हते हो. घाबरलेलं माणूस आधी आष्ट्याला जाऊन घर बघून आलं असतं. मी गेले नाही. गेले असते तर घर बरं आहे असं म्हणावं लागलं असतं.

मंडळापुढं तारीख लागली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. सगळी नोकरी मुंबईत झालेली, उतारवयात हवेसाठी साताऱ्यात घर केलेलं. सज्जन माणूस. शब्दाला काटेकोर, आणि आमच्याकडची बोली त्यांच्या कानाला परकी. काही अडलं की ते माझ्याकडं बघायचे आणि मी अर्थ सांगायची. ‘वंगाळ’ म्हणजे वाईट, ‘कालवा’ म्हणजे आरडाओरडा. त्याचीही मला मौज वाटायची.

शालन ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. पहिल्यांदाच इतक्या मोठ्या माणसांसमोर उभी होती, पण ताठ. अध्यक्षांनी विचारलं, मुलगी कुठं आहे?

“टाकली की, सायेब. आष्ट्याला.”

हाच तो शब्द. आमच्याकडं पोरगं शाळेत टाकतात. हुशार लेकीला शिकायला मामाकडं टाकतात. माझी आई अजून सांगते, तुला बालवाडीत टाकली तेव्हा फाटकाला धरून रडलीस. टाकणं म्हणजे ठेवणं, सोपवणं, बरं होईल अशा जागी नेऊन पोचवणं. आणि टाकणं म्हणजे ते दुसरंही. नवऱ्यानं टाकलेली. देवळापुढं टाकलेलं मूल. शब्द तोच, कोण म्हणतंय आणि कुठल्या सुरात, त्यावर सगळं. शालनचा सूर तुम्ही ऐकायला हवा होता. केवढा तोरा होता त्यात!

अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. “टाकली? म्हणजे टाकून दिली?”

शालनला वाटलं, साहेबांना नीट ऐकू आलं नाही. तिनं मान हलवून मोठ्यानं सांगितलं, “व्हय, व्हय. म्याच टाकली. कुनाला इचारलं बी न्हाई.”

हे शेवटचं म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं आणि जराशी हसली. टोमणा होता का तो? कितीदा घोळवलंय मी ते हसू. टोमणा नव्हता. भरल्या घरात आपल्या माणसाकडं बघून हसतात, तसं हसली ती. मी तिच्या बाजूची होते ना.

अध्यक्ष माझ्याकडं वळले. बाई, घर तुम्ही पाहिलंय — तुमचं काय म्हणणं?

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, आमच्याकडं टाकली म्हणजे ठेवली. बस. ते हसले असते, शालन लाजली असती, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मी आष्ट्याला एक फेरी मारून आले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू, होतंच. आणि त्याच वेळी मला रिक्षा आठवली. आपली गरजच पडली नाही.

मी म्हणाले, “ती म्हणते आहे तसंच आहे, साहेब.”

झालं. हे ते. बघा, ह्यात एक अक्षर खोटं नाही. खोटं बोलले असते तर निदान कधीतरी पकडली गेले असते.

आईनं टाकून दिलेलं मूल, बाप मारकुटा — निर्णयाला कितीसा वेळ लागणार? सांगलीच्या मुलींच्या बालगृहात पाठवायचं ठरलं. त्यांची ती भाषा शालनला समजली नाही. तिला वाटलं, आष्ट्याचंच पक्कं झालं. बाहेर व्हरांड्यात तिनं विचारलं, “झालं न्हवं, बाई?” मी म्हटलं, कळवू. तिनं मला गूळपापडीची पुडी दिली. खाणावळीच्या मालकिणीकडून खास करून घेतलेली. ती पुडी मी घेतली.

संगीला आणायला मलाच जावं लागलं. बरोबर एक महिला पोलीस, साध्या साडीत. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या आणि संगी त्या फोडत बसली होती, दोन वेण्या घालून, रिबिनी लावून. हौसाक्का उंच, पुरुषी आवाजाची बाई. तिला वाटलं, मी चौकशीला आलेय. तिनं मला घर दाखवलं. पोरगी कुठं निजते ते दाखवलं. म्हणाली, “शाळंत बी टाकली हिला. मास्तर वळखीचं हायत.” चहा केला. तो मी प्यायले. हो, आधी चहा प्यायले आणि मग कशाला आले ते सांगितलं.

हौसाक्कानं कालवा केला नाही. “आवं, पर आईनंच टाकलीय की तिला हितं! तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?” मी म्हटलं, मंडळाचा आदेश आहे, कायद्याचं काम आहे. संगी उठली, फ्रॉक झटकला आणि ओंजळभर शेंगा माझ्या हातात दिल्या. मी ओळखीची होते, घरी येणाऱ्यातली. तिला एसटीची पाटी वाचता येत होती. गाडीची पाटी सांगलीची होती, आणि तिचं घर साताऱ्याला. तरी तिनं मला काही विचारलं नाही. सांगली येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

बालगृह काही वाईट नव्हतं. जेवण होतं, शाळा होती, बाया प्रेमळ होत्या. संगी रोज विचारायची, आई कधी न्यायला येणार? शेवटी तिथल्या एका बाईंनी, चिडून नव्हे, समजूत घालायची म्हणूनच, तिला सांगितलं — बाळ, तुझ्या आईनं तुला टाकलंय. त्यांना तसंच कळवलेलं होतं. बारा वर्षांच्या पोरीला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ येत होते. त्या इमारतीत, त्या पलंगांच्या रांगेत तिनं कुठला घेतला असेल?

शालन भेटीच्या पहिल्या दिवशी साताऱ्याहून पहिली गाडी धरून गेली. धपाटी नेली होती. संगी बाहेर आली नाही. पुढच्या खेपेला आली, पण बोलली नाही. त्यानंतर मात्र आलीच नाही. शालन जात राहिली, धपाटी तिथल्या दुसऱ्या पोरींना वाटून परत येत राहिली.

एक दिवस ती माझ्याकडं आली. माझ्या टेबलापुढं खुर्ची होती, तरी खालीच बसली. “बाई, माझं काय चुकलं वो? कायतरी वंगाळ बोलून गेले म्या सायबाम्होरं. मला कुटं बोलाया येतंय!” मी तिला पाणी दिलं. म्हटलं, शालन, तुमचं काही चुकलं नाही, कायदाच तसा आहे. ती माझा हात धरून रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आता एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती त्या मंडळापुढच्या वाक्याहून वाईट आहे. तिच्या पाठीवर हात फिरवताना मला बरं वाटलं. वाईटही वाटत होतं, पण त्याच्याखाली बरं वाटत होतं. ती पुन्हा माझ्याकडं आली होती. तिला माझी गरज पडली होती.

हौसाक्काही आली होती, आष्ट्याहून. तिला मी बाकावर ताटकळत ठेवलं. ती वाट बघून गेली.

निस्तरता आलं नसतं असं नाही. अशी प्रकरणं वर्षावर्षानं मंडळापुढं फिरून येतात. पहिल्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, तेव्हा का गप्प बसलात? पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलले, म्हटलं नव्या माणसाला कशाला घोळात घ्या. मग संगीच म्हणाली, मला आईकडं जायचं नाही. आणि मी ते मंडळापुढं ठेवलं, मुलीच्या इच्छेचा मान म्हणून. मुलाचं ऐका, हेही आम्हाला शिकवलेलंच होतं की! विलास पोरगी गेल्यावर शालनला दोष देत राहिला, आणि शेवटी तिला टाकून कुठंतरी निघून गेला. ती खाणावळीच्या मागच्या खोलीत राहायला लागली.

आणि मी? मी शिकवायला लागले. औंधला, कराडला, कुठंकुठं शिबिरं असतात. नव्या मुली येतात, वह्या उघडून बसतात. मी त्यांना बळ शोधायला सांगते. शालनची गोष्ट रंगवून सांगते, तिचा आवाज काढते, आणि ‘तवर मी केलं’पाशी थांबते. हमखास टाळी पडते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! एकदा मागच्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, बाई, त्या संगीचं पुढं काय झालं? मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, चहा आलाय.

संगी अठरा वर्षांची झाली, तशी बालगृहानंच तिचं लग्न लावून दिलं. मुलगा सांगलीचा, वेल्डिंगचं काम करणारा, चांगला. शालनला कळवलं होतं. ती मांडवाच्या कडेला उभी राहिली, अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता गेली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मला आमंत्रण होतं, मी गेले नव्हते.

गेल्या महिन्यात सांगलीला शिबिराला गेले होते. बाजारात कुणीतरी मागून हाक मारली — बाई! संगी होती. भरल्या अंगाची, कडेवर मुलगी. सोडेचना, घरी घेऊनच गेली. दोन खोल्यांचं घर, भांडी लख्ख. नवऱ्याच्या कामाचं, सासूच्या गुडघ्यांचं बोलत होती. आईचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. चहा गाळता गाळता म्हणाली, “फुडच्या जूनला हिला बालवाडीत घालायचीय.”

मी आपली सवयीनं विचारून गेले, “कुठल्या बालवाडीत टाकणार?”

तिचा हात थांबला. रागावली नाही. लहान मुलाला चुकीचा शब्द सुधारून द्यावा, तसं शांतपणानं म्हणाली, “घालनार, बाई. पोरीला टाकत न्हाईत.”

समोर ती होती. दार लावलेलं होतं, घाई कसली नव्हती, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. तिची आई जिवंत होती, एका एसटीच्या अंतरावर. ते वाक्य — संगी, आपल्याकडं टाकली म्हणजे ठेवली, तुला तुझ्या आईनं ठेवली होती — पुन्हा जिभेवर आलं. अगदी तसंच, तेव्हा आलं होतं तसं.

मी म्हणाले, “तू म्हणतेस तसंच आहे.”

चहा प्यायले. तिच्या मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. संगी मला स्टँडापर्यंत सोडायला आली, खिडकीतली जागा धरून दिली, आणि गाडी हलेपर्यंत लेकीला हात हलवायला लावत उभी राहिली. साताऱ्याला उतरले तेव्हा जेवणाची वेळ होती आणि खाणावळीतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. मी स्टँडाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडले आणि घरी गेले.